कबुलीआधी वकील भेटू द्या

महोदय,

आमच्या कन्नमवारनगरातल्या एका मुलावर शेजाऱ्याशी झालेल्या हाणामारीचा खटला होता. कोर्टाबाहेर कुणीतरी सांगितलं, ‘कबूल कर, दंड भर, आजच मोकळा होशील.’ रोजंदारी बुडत होती, त्याने कबूल केलं. पुढे सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी पोलिस पडताळणी झाली आणि तीच शिक्षा आडवी आली. आता त्याची आई विचारते, ‘अपील करता येईल ना?’

उत्तर देताना जीव तुटतो. फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार, गुन्हा कबूल करून दोषी ठरलेल्याला अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती व कायदेशीर आहे का, एवढ्यावर. ‘मी दोषी नाही’ हे अपिलात मांडता येत नाही. वरच्या कोर्टाने निकाल तपासावा अशा पुनरीक्षण अर्जाची वाट उरते, पण त्यालाही ९० दिवसांचीच मुदत. शिवाय नोंदींत ठोस चूक दाखवावी लागते.

समन्स खटल्यांत, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यांत, आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असं याच संहितेचं कलम २७५ सांगतं. कबुलीवरून दोषी ठरवायचं की नाही, हेही दंडाधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेलं आहे. मग गर्दीच्या दिवशीही ‘याचे परिणाम कळले का?’ एवढं मराठीत विचारायला किती वेळ लागतो? विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कबुलीच्या आधी भेटायला हवा. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक मुंबईतल्या प्रत्येक दंडाधिकारी न्यायालयाच्या दारावर ठळक मराठीत लावावा.

– एक निवृत्त शिक्षिका, विक्रोळी (पूर्व)