उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: फसलेला प्रयोगसुद्धा छापायला जागा द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, माझा विषय व्हायब्रेशन, म्हणजे कंपन आणि ते आटोक्यात कसं आणायचं. मागणी आधीच सांगून टाकतो, कारणं मागून सांगतो. एम.टेक.ची आणि शेवटच्या वर्षाची पोरं चालू मशीनवर जाऊन जी खरी मोजमापं घेतात ती छापायला राज्य सरकारनं एक जागा उभी करावी. तिथं लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, वाचणाऱ्याकडूनही नाहीत, जाणकारांनी तपासल्याशिवाय काही छापायचं नाही, आणि प्रयोग फसला असेल तर तोसुद्धा छापायचा. हे शेवटचं तेवढं गाळू नका साहेब, सगळ्या पत्राचं मूळ तिथंच आहे.

आता का ते सांगतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचा भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे, पण तो टॉवेल ज्या शेडमध्ये विणला जातो तिथं माग चालू असताना दहा मिनिटं उभं राहून बघा. शहराच्या पूर्व भागात बऱ्याच ठिकाणी घर आणि शेड एकालाच एक लागून, मधे एकच भिंत, माग सुरू झाले की मांडणीवरची भांडी वाजायला लागतात आणि दिवसभर वाजत राहतात. धोट्याचा जुना यंत्रमाग समजा मिनिटाला १५० पिक मारतोय (एक पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), म्हणजे फणी धरणारा तो जड स्ले सेकंदाला अडीच वेळा पुढं-मागं होतो आणि प्रत्येक वेळी खालच्या जमिनीला ढकलतो. टॉवेलच्या मागात तर आणखी वेगळं, तिथं पहिले दोन पिक अर्ध्यावर ठेवतात आणि तिसऱ्याला तिन्ही मिळून एकदम पुढं ठोकतात, त्यातूनच टॉवेलचा फुगीर लूप तयार होतो, म्हणजे मोठा ठोका दर तिसऱ्या पिकाला येतो. शेजारच्या मागाची मोटर वेगळी, त्याचा स्पीड १५२, मग हे दोन माग दर अर्ध्या मिनिटाला एका तालात येतात, तेव्हा हादरा चढतो आणि परत उतरतो. शेडमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे अंगानं माहीत असतंय, फक्त कुठं लिहिलेलं नसतंय.

यावर उपाय म्हणून सगळे काय करतात तर मागाच्या पायाखाली रबराचे पॅड टाकतात. विकणारा सांगतो कंपन बंद होईल. पॅड टाकल्यावर आवाज थोडा कमी येतो, धोट्याचा खाडखाड फटका जमिनीत कमी जातो, मालक खूष. पण भिंतीचा जो संथ हेलकावा आहे तो जसाच्या तसा राहतो, आणि याचं कारण पुस्तकात पहिल्यापासून आहे. पॅडवर ठेवलेल्या मशीनची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे धक्का दिला की ते सेकंदाला किती वेळा हलतं तो आकडा, आणि मशीनचा ठोका त्या फ्रिक्वेन्सीच्या १.४१ पटीच्या वर असेल तरच पॅड कंपन अडवतो, त्याच्या खाली असेल तर अडवत तर नाहीच, उलट वाढवतो. अडीच हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला अडीच वेळा येणारा ठोका अडवायचा तर मागाच्या वजनानं पॅड ८० मिलिमीटरच्याही पुढं दबला पाहिजे. एवढ्या मऊ पॅडवर माग चालवून दाखवा, मागच झुलायला लागेल. बाजारातला पॅड दबतो दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी आली १० हर्ट्झच्या आसपास, आणि १० हर्ट्झ म्हणजे अडीचची बरोबर चौथी पट. मागाच्या ठोक्यात चौथा हार्मोनिक, म्हणजे मूळ ठोक्याच्या चौपट वेगाचं कंपन, असतोच, म्हणजे मालकानं पैसे घालून त्या एका हार्मोनिकला रेझोनन्स करून दिला, ते कंपन उलट वाढवून घेतलं.

आमची पोरं शेडमध्ये मापं घ्यायला जातात तेव्हा असलंच काहीतरी घेऊन परत येतात आणि तोंड पाडून म्हणतात, सर, प्रोजेक्ट फेल गेला, कंपन कमीच झालं नाही. मी म्हणतो अरे फेल कुठं, हीच तर माहिती पाहिजे होती! पण ही माहिती पुढं जाते कुठं? काळ्या रेक्झिनमध्ये बाइंड होते, वर सोनेरी अक्षरात नाव, लायब्ररीच्या कपाटात जाते आणि तिथंच राहते. पीएच.डी.चा प्रबंध निदान शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, एम.टेक.चं आणि बी.टेक.चं काम कुणाला दिसतच नाही. मग दुसऱ्या कॉलेजातली पोरं तोच माग, तोच पॅड, तोच प्रयोग पहिल्यापासून करतात आणि तिकडं मालक नवीन पॅड विकत घेतच असतो.

तुम्ही म्हणाल जर्नलला पाठवा की. पाठवतो ना साहेब. जी चांगली आंतरराष्ट्रीय जर्नल आहेत, जिथं लेखकाकडून पैसे घेत नाहीत, ती विचारतात यात नवीन काय, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, सोलापूरच्या मागाखालच्या रबरात जगाला नवीन थिअरी काही मिळत नाही. आणि जी काहीही घेतात ती पहिल्या मेलमध्येच फीचा आकडा पाठवतात. आमच्या एका विद्यार्थ्याचा पेपर असा दोन दिवसांत स्वीकारला, तपासल्याची एक ओळ नाही, ग्राफच्या उभ्या अक्षावर एकक लिहायचं राहून गेलं होतं तेसुद्धा कुणाला दिसलं नाही. पोराच्या वडिलांनी फी भरली. या दोन टोकांच्या मधे आमच्यासारख्यांना जागाच नाही.

हा रोग यूजीसीला माहीत आहे. २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली, मग केअर नावाची चांगल्या जर्नलांची नवी यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून जर्नल निवडायची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर टाकली. पीएच.डी. जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीसुद्धा २०२२ च्या नियमांत निघाली. सक्ती गेली ते माझ्या मते चांगलंच झालं, सक्तीमुळंच तो धंदा वाढला होता. पण सक्ती गेली म्हणून छापायची गरज गेली असं नाही, आणि कुठं छापायचं हे आता आपल्याच हातात आहे तर राज्यानं काहीतरी करायची वेळ हीच आहे.

छापल्यानं काय होतं याचं आमच्याच विषयातलं उदाहरण देतो. सोलापूरहून रायचूरला जाणारी ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड बाकी देशाला जोडली गेली. असल्या मोठ्या लाईनच्या टॉवरपाशी मान वर करून बघितलं तर तारेला डंबेलसारखं काहीतरी लटकलेलं दिसतं. वाऱ्यानं तार बारीक थरथरते, महिनोन्महिने थरथरून क्लॅम्पपाशी तिचे पदर तुटू शकतात, ते होऊ नये म्हणून तो डॅम्पर असतो, १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीतल्या स्टॉकब्रिज नावाच्या इंजिनिअरनं काढलेला. आणि मुख्य मशीनला एक छोटं वजन स्प्रिंगनं जोडून त्याचं कंपन खाऊन टाकायची युक्ती तर त्याच्याही आधीची, जर्मनीच्या फ्रामनं १९०९ मध्ये तिचं पेटंट मागितलं होतं. पण ते छोटं वजन नेमकं कसं ट्यून करायचं, त्यात डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवणारा विरोध, किती ठेवायचा याचं गणित ऑर्मनड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी १९२८ च्या पेपरात मांडलं, आणि तिथून पुढं ते कुणीही वाचून वापरू शकत होतं. तैपेईच्या १०१ मजली इमारतीत टांगलेला ६६० टनांचा गोळा त्याच तत्त्वावर चालतो, आणि आमच्या लॅबमधल्या पट्टीवर पोरं नट-बोल्टचं वजन सरकवत जो प्रयोग करतात तोही त्याच तत्त्वावर.

आता जागा कशी असावी ते माझ्या अनुभवावरून सांगतो. नुसता पेपर नको, सोबत कच्चा डेटा पाहिजेच. सेन्सर कुठं लावला, कसा लावला हे लिहिलेलं पाहिजे, कारण तोच अॅक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारा सेन्सर, स्टडनं घट्ट बसवला, लोहचुंबकानं लावला की दुहेरी टेपनं चिकटवला यावर वरच्या फ्रिक्वेन्सीचं माप बदलतं. मशीनचा स्पीड, पायाचा फोटो, सँपलिंग रेट म्हणजे सेकंदाला किती मापं घेतली, हे नसेल तर तपासणाऱ्यानं पेपर परत पाठवावा. आणि प्रत्येक पेपरसोबत एक पान साध्या मराठीत, शेडच्या मालकाला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला, साखर कारखान्यातल्या फिटरला कळेल असं. गरगर फिरवून साखर वेगळी काढणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशीनच्या बास्केटमध्ये साखर एका बाजूला जास्त बसली की ती का हेलकावते हे त्या फिटरला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतंय, पण आम्ही काय मोजलं ते त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतंय. त्यानं ते वाचून आम्हाला चूक दाखवली तर तीही खाली छापा.

दर्जाचं काय, असं तुमचे अधिकारी विचारतील. पैसे न घेताही दर्जा ठेवता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं साधना नावाचं इंजिनिअरिंगचं जर्नल आहे, आपलं साप्ताहिक नव्हे, त्याचे पेपर अकादमीच्या साइटवर कुणालाही वाचता येतात. तपासायला माणसं राज्यात आहेत, रिटायर झालेले प्राध्यापक आहेत, कारखान्यांत मेंटेनन्सला आयुष्य घालवलेले इंजिनिअर आहेत, मी स्वतः बिनपैशाचं काम करायला तयार आहे. फक्त या जागेत छापलेल्या कामाला शिक्षकाच्या बढतीत आणि विद्यार्थ्याच्या मार्कांत वजन द्या, नाहीतर लोक परत फी भरून तिकडंच जातील.

आणि एक, हे केंद्राचं आहे पण तुम्ही बोलू शकता. वन नेशन वन सबस्क्रिप्शनला, म्हणजे संस्थांसाठी जर्नलची वर्गणी केंद्रानं एकत्र भरायच्या योजनेला, २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, जवळपास १३,००० जर्नल, पण ती सरकारी संस्थांसाठी. सोलापूर जिल्ह्यातली इंजिनिअरिंगची बरीच पोरं खासगी विनाअनुदानित कॉलेजांत आहेत, शेतकऱ्यांची, विडी कामगारांची, माग चालवणाऱ्यांची पोरं आहेत ती. त्यांना पेपर लिहा म्हणायचं आणि दुसऱ्याचा पेपर वाचायला द्यायचा नाही हे बरोबर नाही, त्यांच्या कॉलेजांना या योजनेत घ्यायला राज्यानं केंद्राकडं जोर लावावा.

सुरुवात लहान करा, पहिल्या वर्षी फक्त यंत्रमाग आणि साखर कारखाने एवढेच विषय घ्या, सोलापूरबरोबर इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीची कॉलेजं जोडा, सगळीकडं माग तेच आहेत. पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आधी जीआर निघाला तर प्रोजेक्टचे विषय वाटतानाच आम्हाला पोरांना सांगता येईल की मापं नीट घ्या रे, हे छापलं जाणार आहे.

आपला,
मेकॅनिकलचा एक शिक्षक, सोलापूर