टेबलाखाली आता कोणी शिरायचं नाही

प्रिय आई-बाबा,

खोकं काल निघालं. म्हणजे "नको पाठवूस" म्हणायची वेळ गेली, आणि ती जावी म्हणूनच मी आधी विचारलं नाही. रागवायचं तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून रागवा.

माझी गेमिंगची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, तुमच्याकडे येतेय. बाबा, "या वयात गेमिंग?" असं म्हणू नका. मला तिची गरज उरलेली नाही. कामाला ऑफिसचा लॅपटॉप आहे, टेबलावर जागा नाही, आणि गेल्या सहा महिन्यांत मी काही खेळलेही नाही. बरं, दोनदा खेळले. पण तेवढ्यासाठी एवढं मोठं धूड कोण सांभाळणार?

खरं कारण तुम्हा दोघांनाही माहीत आहे. वायर बघायला बाबा टेबलाखाली शिरले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, हे मला आईकडून आठ दिवसांनी कळतं. तेही "तसं विशेष काही नाही" असं म्हणून. त्या दिवशी मी तिथे नव्हते, हे मला अजून टोचतंय.

तुमच्या मशीनला मी नावं ठेवत नाहीये, बाबा. सुटे भाग आणून तुम्ही ती जोडलीत तेव्हा टॉर्च मीच धरला होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची जादा मुदत घेता येते, ती नुसती मलमपट्टी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो, दोन्ही त्या डब्यात नाही. तुम्ही त्याच्यावर बँकेचे व्यवहार करता म्हणून मला झोप येत नाही. फेकू नका त्याला. इंटरनेट काढून ठेवा आणि पत्ते खेळा.

आता तुम्हाला आवडेल ते सांगते. मशीन तयार घेतलेली, त्यामुळे इतके दिवस मी ती उघडलीच नव्हती. उघडली तर रॅमचे चार स्लॉट आणि स्टिक एकच, ८ जीबीची! म्हणजे मेमरी इतकी वर्षं एकाच चॅनलवर, दोनऐवजी एकाच वाटेने, चालत होती. वर टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर वेग २१३३. स्टिक ३२०० ची, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तिला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालू करायची तसदी विकणाऱ्यांनी घेतली नव्हती आणि मी कधी तपासलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलं असतंत. आता १६-१६ जीबीच्या दोन स्टिक आहेत, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि वेग ३२००. आतल्या भागांना हात लावण्याआधी, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून, मी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. तुमचा आवाज कानात होताच: "आधी लोखंड, मग बोर्ड."

फाइली साठवायची एसएसडी १ टीबीची घातली. आठ सेंटिमीटरची पट्टी, तिरकी खोचायची, दाबायची आणि एक स्क्रू लावायचा. तो स्क्रू इतका बारीक की दोनदा जमिनीवर शोधला. आई, आमचे स्क्रू ठेवायला घेतलेली तुझी छोटी वाटी आठवते? जिच्यावरून घरात दोन दिवस अबोला होता? ती माझ्याकडे आहे. कॉलेजला जाताना माझ्या सामानात आली. चुकून नव्हे.

ग्राफिक्स कार्ड तेच ठेवलं, आरटीएक्स ३०६०. मोठं घेतलं असतं तर पॉवर सप्लायही बदलावा लागला असता, आणि काही तयार मशीनमध्ये त्याचं माप नि प्लग असे खास असतात की बाजारातला दुसरा बसत नाही. आईच्या जुन्या कॅसेटांचे व्हिडिओ जोडायला हे कार्ड रग्गड आहे.

फोटो सगळे आत आहेत. मागच्या वेळी तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा मी कॉपी करून आणले होते. बाहेरच्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत आहे, ती कपाटात ठेवा, मशीनला लावून नको.

अक्षरं १५० टक्के केलीत, माऊसचा बाण मोठा आणि काळा केलाय. रंगीत दिवे बंद केलेत, नाहीतर आई म्हणाली असती घरात वरात आली. पंखे हळू फिरतील असे बसवलेत, दुपारच्या झोपेत आवाज येणार नाही. आणि बाबा, तुमचा खटखट वाजणारा कीबोर्ड चालेल! मागे अर्धं जांभळं, अर्धं हिरवं गोल भोक आहे, ते त्याच्यासाठीच. फक्त मशीन बंद असताना लावा, चालू असताना नाही.

आता नीट ऐका. खोकं बाबांनी उचलायचं नाही. आईनेही नाही. शेजारच्या काकांच्या मुलाला मी फोन केलाय, तो येईल. मशीन टेबलाच्या वर राहील, खाली नाही, म्हणजे वाकायचा प्रश्नच नको. बाजूची काच काढली की ती घडी घातलेल्या चादरीवर ठेवायची. फरशीवर कोपरा आपटला तर तिचा चुरा होऊ शकतो. आत फोमची मोठी पिशवी असेल, ती आधी बाहेर काढायची. काढल्याशिवाय चालू केलं तर पंखे अडकतील. पडद्याची वायर खालच्या आडव्या भोकांत लावायची, ती ग्राफिक्स कार्डाची आहेत. वरच्या उभ्या भोकावर मी चिकटपट्टी लावलीय, ती काढू नका. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, बाबांच्या चष्म्यासाठी किंचित खालीच. वीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर बघायचं. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर हेच सांगितलंय, मी काही नवीन सांगत नाहीये.

जुना यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे जेमतेम ३६० वॅट. पत्रं आणि फोटोंना चालेल. बाबांनी मोटारींचा खेळ लावला तर यूपीएस कदाचित ओरडेल. हो, तो खेळ घातलाय. रात्री जेवण झाल्यावर मी इथून खेळेन, तुम्ही तिथून. तुम्ही पूर्वी मला मुद्दाम जिंकू द्यायचात, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं.

पुढच्या महिन्यात येतेच आहे. तोवर काही अडलं तर मला इथून तुमचा पडदा दिसेल अशी सोय केलीय. तुम्ही "हो" दाबलंत तरच दिसेल, त्यामुळे आईने काळजी करू नये.

बीपीची गोळी घेतलीत ना?

शनिवारी संध्याकाळी सातला फोन करते. मी फोनवर असतानाच बटण दाबा, त्याआधी नाही. बाबा, हे तुम्हालाच.

तुमची,
चिमी