सुट्या भिंतीचा पाया

महोदय,

शाळेचे प्रदर्शन, गणेशोत्सवातील देखावा किंवा हौशी नाटक यांसाठी घरच्या घरी उचलून नेता येईल अशी लाकडी भिंत बनवणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु अशा भिंतीचा दर्शनी भाग रंगवण्यात जेवढा जीव ओतला जातो, तेवढा तिच्या पायांवर ओतला जात नाही, ही चिंतेची बाब आहे. सहा फूट उंच भिंतीचे पाय जेमतेम वीतभर असतील, तर वरच्या कडेला बसलेला लहानसा धक्काही तिचा तोल पायांच्या टोकाबाहेर नेतो आणि ती कोसळते. पाय दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर असावेत, मागे तिरपा टेकू द्यावा आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवावी. दोन भिंती बिजागरीने जोडून काटकोनात उभ्या केल्या, तर आधार आणखी वाढतो. लकडगंजात लाकूड घेताना ते पुरते वाळलेले आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलसर लाकूड आकसून चौकटीचे सांधे ढिले पडतात. मुलांना जवळ जाऊ देण्यापूर्वी आयोजकांनी भिंत वरून ढकलून पाहावी, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर