पसंतीचा क्रमांक म्हणजे माज नव्हे

महोदय,

कालच्या अंकातलं चॉइस नंबरवरचं स्फुट वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. पैसा जास्त झालेले लोक गाडीला आकडे विकत घेतात, असा त्याचा एकूण सूर. ०००१ साठी आपल्याकडे चारचाकीला पाच लाख रुपये लागतात, २०२४ मध्ये शासनाने ते तिनावरून पाचावर नेले, हे छापलंत ते बरोबरच आहे. पण ०००१ घेणारे किती आणि शासनाच्या खास आकड्यांच्या यादीबाहेरचा साधासुधा आकडा मागणारे किती, हे लिहिणाऱ्याने आरटीओत जाऊन विचारलं का?

मी मागितलेला क्रमांक होता ३१७३. त्याला ना ज्योतिषाचा आधार, ना बेरजेचा. माझ्या वडिलांच्या जीपचा तो क्रमांक. त्या जीपला आमच्या भागात कोणी जीप म्हणत नसे. केळीच्या कापणीला मजूर न्यायचे असोत, रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोचवायची असो, लोक ओट्यावरून विचारायचे, "एकतीस त्र्याहत्तर घरी आहे का, काका?" काळ्या पाटीवर पेंटरने पांढऱ्या रंगात आकडे काढलेले, तिनाच्या पोटात ब्रश थोडा घसरलेला. जीप विकली तेव्हा वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी उघड्या टपाची फोर-बाय-फोर बुक केली तेव्हा गाडीच्या रंगाआधी मी क्रमांकाचा विचार केला. जळगावला अर्ज दिला, आधार-पॅनच्या प्रती जोडल्या, डीडी काढला, रीतसर पावती घेतली. त्या आकड्याला दुसरा अर्जदार आला असता तर बंद पाकिटात जादा रकमेचा डीडी टाकून लिलावाला बसायचीही तयारी होती. पावतीची प्रत शोरूममध्ये दिली, दिल्याची सही घेतली. आणि तिथल्या माणसाने महिनाअखेरचा आकडा गाठायच्या घाईत ती पावती न जोडताच कर भरून टाकला. संगणकाने पुढचा जो क्रमांक होता तो दिला. "साहेब, एकदा नंबर पडला की बदलत नाही, आणि हा पण चांगलाच आहे ना," हे मला ऐकवण्यात आलं. चांगला आहे! माझ्या वडिलांना ती गाडी दाखवताना मी काय सांगायचं होतं? त्यांनी पुढे जाऊन पाटीवरून हात फिरवला आणि काही न बोलता घरात गेले. या प्रकारावर तुमच्या वार्ताहराने दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी आभार मानले असते.

माज बघायचा असेल तर भुसावळ-जळगाव रस्त्यावर अर्धा तास उभं राहा. ४१४१ चं 'दादा', २१४ चं 'राम', ८०५५ चं 'बॉस' करून पाट्या फिरतात. चारचाकीच्या पाटीवरचा आकडा ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड असावा, साधा सरळ वाचता यावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर 'दादा' होता एवढंच सांगता आलं तर पोलिसांनी काय शोधायचं? हे लोक आकडे वाकवतात आणि आम्ही सरकारी तिजोरीत पैसे भरून सरळ पाटी लावतो. तुमच्या स्फुटात दोघेही एकाच ओळीत बसवलेत, याचा राग आहे.

पत्र लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. माझ्या जुन्या स्कूटरसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी भरून ऑनलाइन वेळ घेतली. दिलेल्या वेळी केंद्रावर गेलो तर पाटी आलेलीच नव्हती, पुन्हा या म्हणाले. सावद्याहून जाणाऱ्या माणसाचा तो दिवस गेला, त्याची भरपाई कोण देणार?

आणि संपादक महोदय, गाड्यांच्या क्रमांकांची नवी मालिका सुरू होत असल्याची आरटीओची सूचना तुम्ही आतल्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळींत छापता. पसंतीच्या क्रमांकाचे अर्ज घ्यायला मोजकाच वेळ असतो. पुढच्या मालिकेची तारीख पहिल्या पानावर द्या. माझ्या पुतण्याची गाडी यायची आहे, आणि या वेळी पावती जोडल्याशिवाय शोरूममधून मी हलणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सावदा (ता. रावेर)