ताई, भिंत पूर्ण झाली!

ताई,
फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय. शाळेच्या कंपाउंडवर पोरांनी मिराबाल बहिणी रंगवल्या, आणि त्यात तुमचा किती वाटा आहे ते लोकांना कळायलाच पाहिजे.

२५ नोव्हेंबर म्हणजे महिलांवरच्या हिंसाचाराविरोधातला दिवस एवढं मुलांना पाठ होतं, पण २५ च का, हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही स्पॅनिशमधलं वाचून, घरचं सगळं उरकून रात्री व्हॉइस मेसेज पाठवायचात आणि मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात लावायचो. डॉमिनिकन रिपब्लिक, त्रुहियोची हुकूमशाही, तिच्याविरुद्ध भूमिगत काम करणाऱ्या पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणी. २५ नोव्हेंबर १९६० लाच तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येताना तिघींना आणि ड्रायव्हर रुफिनोला मारलं, आणि जीप कड्यावरून ढकलून अपघात दाखवला. तेव्हा वर्गात कोणी हललंसुद्धा नाही.

मग तुम्ही सांतो दोमिंगोच्या समुद्राकाठच्या खांबाचे फोटो पाठवलेत. त्रुहियोने राजधानीला स्वतःचंच नाव दिलं होतं, त्याचा डंका म्हणून उभारलेला खांब, आणि १९९७ च्या ८ मार्चला त्याच्यावरच एल्सा नुन्येस यांनी काढलेलं या बहिणींचं चित्र! "सर, खांब त्याचा आणि चेहरे यांचे?" असं एक मुलगी ओरडलीच, आणि तिथेच आमची भिंत ठरली.

त्यांना नुसत्या बिचाऱ्या दाखवू नका हा तुमचा हट्ट होता, तो फार बरा झाला. मिनेर्वाने वकिलीची पदवी घेऊनही त्रुहियोने तिला सनद मिळू दिली नाही, म्हणून आमच्या भिंतीवर ती काळ्या कोटात आहे. मारिया तेरेसाची वेणी देदेने, म्हणजे मागे राहिलेल्या बहिणीने, तिच्या मृतदेहावरून कापून घेतली आणि ती आजही तिथल्या म्युझियममध्ये आहे, हे ऐकल्यापासून नववीतली एक पोरगी वेणीचा एकेक पेड रंगवत बसली, कोणाला ब्रश लावू देईना. आणि देदेपण आहे हो, बहिणींची सहाही पोरं सांभाळणारी, सगळ्या पोरांसकट.

आता २५ ला सकाळी नक्की या. स्पॅनिश नावांवरच्या त्या छोट्या तिरक्या रेघा बरोबर पडल्यात का तेवढं बघून सांगा, रंग अजून शिल्लक आहे.