हलवलेले मेल परत इनबॉक्समध्ये

संपादक साहेब, स.न.

मेलबॉक्स भरत आला म्हणून जुने मेल लोकल फोल्डरमध्ये (म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये) टाकले आणि सकाळी बघतो तर सगळे परत इनबॉक्समध्ये हजर, आणि असं तीनदा झालं! डोकंच फिरलं. मग कळलं की आयमॅपमध्ये (मेल सर्व्हरवरच ठेवून वापरायची पद्धत) असं हलवणं म्हणजे आधी कॉपी आणि मग सर्व्हरवरच्या मेलवर डिलीटची नुसती खूण, खरा पुसला जातो तो एक्सपंज (खूण केलेले मेल कायमचे काढणं) झाल्यावर, आणि खूण पोचायच्या आधीच नेट तुटलं तर मेल तिथेच. पॉपवाल्यांचं (पॉप म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) दुखणं वेगळं, सर्व्हरवर प्रत ठेवलेली असेल आणि उतरवलेल्या मेलची यादी बिघडली की सगळे नव्याने उतरतात. मेल प्रोग्रामवाल्यांनो, मेनूत ‘मूव्ह’ लिहिता तर एवढं तरी सांगा की! मी आता कॉपी करतो, दोनचार उघडून बघतो, मगच डिलीट आणि फोल्डर कॉम्पॅक्ट, म्हणजे डिलीट केलेले खरोखर पुसले जातात.

– एक वैतागलेला वाचक