बाळ्याच्या मार्कांबद्दल, सगळ्यांनी वाचा

प्रिय आई, अप्पा आणि बाळ्या,

बाळ्याला इकडं अमेरिकेत एमबीएला अर्ज करायचाय, त्यावरचा अप्पांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "पोराला ५८ टक्के, त्यात दोन विषय राहिलेले, हार्वर्ड कसलं घेतंय त्याला" हे एका दमात, आणि लगेच पुढं "कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं पत्र आणलं तर चालंल का". फोनवर हे नीट सांगता येत नाही, मध्येच आई जेवलीस का म्हणून विचारते, म्हणून लिहूनच काढलंय. बाळ्या, तू अप्पांना वाचून दाखव आणि तुझ्याबद्दलचं गाळू नको.

आधी चेअरमनसाहेब. नको. अप्पा, इथं शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे, त्या फॉर्मवर सरळ विचारतात की तुम्ही या माणसाला कुठली चूक दाखवलीत आणि त्यानं ती ऐकून काय केलं. चेअरमनसाहेब काय लिहिणार, होतकरू आहे, घराणं चांगलं आहे. त्यापेक्षा कुपवाड एमआयडीसीतला बाळ्याचा साहेब, जो त्याला रोज शिव्या घालतो, तो कामाचा. त्याचं इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, पण पत्र त्याचं त्यानं लिहायचं, बाळ्यानं लिहून सहीला पाठवायचं नाही.

आता मार्क. इतके टक्के नसतील तर अर्जच घेणार नाही अशी अट हार्वर्डचीसुद्धा नाही. म्हणून सोपं आहे असं नाही, निवडलेल्या पोरांचे मार्क वरचेच असतात आणि अमेरिकेतल्या रँकिंगमध्ये कॉलेजचे मार्क आणि जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेशपरीक्षा, दोन्ही मोजतात, त्यामुळं कॉलेजांचंही तिकडं लक्ष असतंच. पण अर्ज वाचणाऱ्याला खरं बघायचं असतं ते हे, की पहिल्याच सेमला अकाउंटिंग, स्टॅट, फायनान्स एकदम अंगावर आलं तर हा तगेल का. मार्कलिस्ट म्हणते शंका आहे. मग दुसरा कुठला तरी कागद दाखवायला लागतो, नुसतं "मी मेहनती आहे" लिहून भागत नाही. माझे ५७ टक्के होते आणि मला इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच आला.

बाळ्या, तुझा एम-टू गेला होता, म्हणजे नेमका गणिताचाच विषय, त्यामुळं जीमॅटचा क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, तुला चांगलाच काढावा लागणार. आता नवीन पॅटर्न आहे, क्वांट, व्हर्बल म्हणजे इंग्रजी आणि डेटा इनसाइट्स म्हणजे तक्ते-आकडेवारी वाचणं, प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोअर २०५ ते ८०५. जुन्या ८०० वाल्या स्कोअरशी थेट तुलना करू नको, आता ६४५ म्हणजे जुन्या ७०० च्या आसपास धरतात, तेव्हा मित्रानं जुन्या परीक्षेत ७१० काढले म्हणून तू टेन्शन घेऊ नको. भूमिती काढून टाकलीय, क्वांटला कॅल्क्युलेटर नाही. स्कोअर पाच वर्षं चालतो म्हणून घाईनं देऊन टाकू नको. जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी परीक्षापण चालते, पण तुझं इंग्रजी शब्दभांडार बघता जीमॅटच बरी, राग मानू नको.

त्याच्या जोडीला एखादा मार्क मिळणारा कोर्स कर. फुकटचे व्हिडिओ बघून मिळालेल्या सर्टिफिकेटला फार वजन नाही. हार्वर्डचाच ऑनलाइन कोअर म्हणून कोर्स आहे, त्यात बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि अकाउंटिंग, शेवटी परीक्षा आणि पास, ऑनर्स, हाय ऑनर्स असे निकाल. नाहीतर इथल्या युनिव्हर्सिट्यांच्या एक्स्टेन्शनला, म्हणजे बाहेरच्यांसाठीच्या विभागात, स्टॅटिस्टिक्स ऑनलाइन घेता येतं, त्याची ग्रेडच मिळते. पैसे लागतात, पण पुण्याच्या त्या कन्सल्टंटला निबंध लिहून द्यायला जेवढे मोजणार होतास त्यापेक्षा हे परवडलं. त्यानं तुझ्या ५८ टक्क्यांचे इथल्या चारपैकीच्या पद्धतीनं ३.१ जीपीए करून दिलेत म्हणे, ते कुठंही भरू नको. बरीच कॉलेजं सांगतात की मार्कलिस्टवर आहे तसंच लिहा, आम्हाला शिवाजी युनिव्हर्सिटी कळते. फॉर्ममध्ये तूच भरायचं असतं आणि अ‍ॅडमिशन मिळाल्यावर खरे कागद तपासतात, तिथं फरक निघाला तर हातचं जातं.

आता मला जास्त काळजी आहे ती ऑप्शनल निबंधाची, म्हणजे कमी मार्कांचा खुलासा करायचा त्याची, कारण तू पाठवलेला दोन पानी मजकूर वाचून आईला रडू येईल, कमिटीला येणार नाही. २०१९ चा महापूर लिहायचाच, त्यात वाद नाही. ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, दुकानात पाणी, तू परीक्षेच्या तयारीऐवजी पोती उचलत होतास, हे खरं आहे आणि त्या सेमला मार्क पडले हेही दिसतं. पण एम-टू गेला तो २०१८ ला. मार्कलिस्टवर महिना आणि साल छापलेलं असतं, वाचणारा बोट ठेवून बघतो, आणि सगळं पुरावर ढकललेलं दिसलं की पुराचंही खरं वाटत नाही. म्हणून चारच ओळी. पहिल्या वर्षी अभ्यास केला नाही, तिसऱ्या वर्षी पूर आला, शेवटच्या दोन सेमला वर आलो, त्यानंतर गणितात हे हे केलं. बास. माफी नाही, कॉलेजच्या मास्तरांना नावं ठेवणं नाही.

मोठ्या निबंधात मात्र पुराचंच पुढचं लिही. पाणी ओसरल्यावर हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातली हळद भिजली म्हणून अप्पा डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा तू त्यांच्याशी भांडून उरलेला माल कोल्ड स्टोरेजला हलवलास, भाड्याचा हिशोब वहीत मांडून दाखवलास, आणि अप्पा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. अप्पा, तुम्हाला हे लिहिलेलं आवडणार नाही, पण पोराच्या कामाचं आहे. "नेतृत्वगुण" हा शब्द एकदाही न लिहिता ते दिसतं. फाउंड्रीतलं रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, कमी केलंस तेही घाल, पण आकडा साहेबाला विचारून घाल, पत्रात त्याचा एक आणि तुझा दुसरा असं नको.

अर्ज कुठं करायचे त्यात हार्वर्ड एक असू दे, हौस आहे तर. बाकी फ्रान्सचं इन्सिअ‍ॅड बघ, दहा महिन्यांत संपतं, पगार बुडतो तो कमी. हैदराबादच्या आयएसबीला नाक मुरडू नको. इथल्या बहुतेक कॉलेजांचा अर्जाचा पहिला राउंड सप्टेंबरमध्ये, दुसरा जानेवारीत. तिसऱ्यात व्हिसाची धावपळ होते, जागाही उरत नाहीत.

आई, पैशाचं. इथल्या मोठ्या कॉलेजात दोन वर्षांचा राहण्याखाण्यासकट खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो, ऐकून घाबरू नको. हार्वर्डची स्कॉलरशिप मार्कांवर नसते, घरची ऐपत बघून देतात, त्यामुळं तिथं ५८ टक्क्यांनी काही अडत नाही. वारणालीचा प्लॉट विकायचं कुणी काढलं तर आधी मला फोन करा.

बाळ्या, रविवारी सकाळी साडेआठला फोन लावते, इकडं शनिवारी रात्रीचे दहा असतात. आठही सेमच्या मार्कलिस्ट स्कॅन करून त्याआधी पाठव, राहिलेल्या विषयांच्या सुद्धा.

तुझी,
ताई